मागं बसलेल्या लेकराला पण हेल्मेट घाला

संपादक साहेब, नमस्कार. माझा पोरगा रंकाळ्याकडनं येताना गाडीवरनं पडला, हेल्मेट नव्हतं, गेला. वर्षभर मी दार उघडलं नाही. १९१८ साली शाहू महाराजांचे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघातानं वारले, तेवढ्या दुःखात पण महाराजांनी विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना शिकवलं, हे परत वाचलं आणि उठले. आता दर वाढदिवसाला त्याच्या नावानं छोट्या मापाची हेल्मेट वाटते, कारण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दुचाकीवर ४ वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे पण शाळेला सोडायला येणारे बाबा स्वतः घालतात आणि मागचं लेकरू उघड्या डोक्यानं, बघून पोटात गोळाच येतो हो. शाळांनी गेटवरच आईबापांना थांबवून सांगावं, मी रोज सकाळी यायला तयार आहे.

– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर