रेडिएशनचाही काटा तपासा

महोदय,
गेल्या वर्षी आईला गळ्याच्या कर्करोगासाठी रेडिएशनचे ३५ शेक दिले. डोके हलू नये म्हणून बसवलेला जाळीचा मास्क काढला की गालावर जाळीचे वळ उठलेले असायचे. मशीनचा डोस रोज सकाळी तपासतात, असे तिथल्या फिजिसिस्टनी (डोस मोजणाऱ्या तज्ज्ञांनी) सांगितले, बरे वाटले. पण गाठीची हद्द नेमकी आखली का, मशीन बंद पडून बुडालेले शेक कसे भरून काढले, हे बाहेरचे कोण बघते? उसाच्या काट्यावर आपण केवढे भांडतो! आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९६९पासून टपालाने छोटे डोसमापक पाठवून रुग्णालयांच्या मशीनचा डोस पडताळते. ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर पाठपुरावा होतो. तशी रुग्णांच्या फायलींचीही बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी, म्हणजे क्लिनिकल ऑडिट, दरवर्षी व्हावे. फुले जनआरोग्य योजनेतील केंद्रांपासून सुरुवात करता येईल.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर