कोडांच्या गर्दीतून मूळ दोष दाखवणाऱ्यांचे आभार

गाडीच्या संगणकाने पी०१७१, पी०१७४ (दोन्ही हवेच्या मानाने इंधन कमी असल्याचे) आणि पी०३०० (सिलिंडरांत मिसफायर) हे बिघाडाचे कोड एकदम दाखवले तरी मूळ दोष बहुधा एकच असतो, हे स्वतःचं नावही न सांगता समजावणाऱ्या सगळ्या जाणत्या मेकॅनिकांचे मनापासून आभार. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची संगणकाने जपलेली इंजिनची आकडेवारी) उतरवून घ्या, हे तुम्हीच बजावलंत. दोन्ही बँका (सिलिंडरांच्या रांगा) लीन, म्हणजे इंधन कमी असलेल्या, दिसल्या की ऑक्सिजन सेन्सरवर संशय नको (ते बिचारे उगाच बदलले जातात). फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात करतो ती वाढ-घट) आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, +२० टक्के आणि २,५०० आरपीएमला +५ वर उतरला, तर व्हॅक्यूम गळती, म्हणजे न मोजलेली हवा फटीतून आत शिरते: तडकलेला पीसीव्ही होज (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये नेणारी नळी) किंवा सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं कडक झालेलं गॅस्केट. स्मोक टेस्टमध्ये इनटेकमध्ये सोडलेला धूरच गळतीची जागा दाखवतो. उलट लोडवर ट्रिम चढला, तर इंधनाचा दाब मोजायचा आणि एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) त्याच्याच क्लीनरने साफ करायचा, कार्ब क्लीनरने कधीच नाही.