पस्तिशी ओलांडलेल्या बाईनं नर्सिंगला कुठून जायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात करिअरची पुरवणी येती, त्यात नर्सिंगचं पान ठरलेलं, पण सगळं सतरा-अठरा वर्षांच्या पोरींसाठी. आमचं काय? मी डी.एड. आहे. आमच्या वेळी मराठवाड्यात आर्ट्सनं बारावी झाली की डी.एड., दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं, पुढं शिक्षक भरती रखडत गेली आणि बरोबरच्या कितीतरी जणी आज इंग्लिश स्कूलला तुटपुंज्या पगारावर शिकवायल्यात नाहीतर मेडिकलच्या काउंटरला उभ्या आहेत. मी लातूरला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते.

तिथं रोज दिसतं ते सांगते. म्हातारा शेतकरी सुई बघून हात मागं ओढतो, नवी पोरगी त्याला "सर, रिलॅक्स" म्हणती, तो अजूनच आकसतो. आमच्या मोठ्या सिस्टर येतात, "बाबा, सोयाबीन निघालं का" विचारत विचारत मनगट चोळतात, शीर धरतात आणि त्याला कळायच्या आत चिकटपट्टी लावून मोकळ्या. लेकरं वाढवलेली, सासऱ्याचं दुखणं काढलेली बाई या कामाला उशिरा आली म्हणून काय बिघडतं?

पण नियम बघा. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स, बायोलॉजीसकट, आणि वर सीईटी, म्हणजे आर्ट्सवालीचा विषयच संपला. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा मोठा डिप्लोमा ३ वर्षं, एएनएम म्हणजे सहाय्यक नर्सचा कोर्स २ वर्षं, दोन्ही आर्ट्सवर होतात, जीएनएमला बारावीला इंग्रजी आणि ४० टक्के लागतात. वयाची अट तिन्हीकडं ३५. एएनएम झालेलीला मात्र पुढं जीएनएम करताना वय आडवं येत नाही, हे किती जणींना माहितीये? तरी माझं मत असं की तेहतीस-चौतीस वय असेल आणि घरचे तीन वर्षं सांभाळून घेणार असतील तर सरळ जीएनएमच करा, एएनएम करून मग जीएनएम म्हणजे पाच वर्षं जातात. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, ते नंतरचं नंतर.

आता खरी गंमत. पस्तिसाव्या वर्षी जीएनएमला ॲडमिशन घेतली तर कोर्स संपेपर्यंत ३८, आणि सरकारी भरतीत खुल्या वर्गाची मर्यादाच ३८. मागासवर्गीयांना ४३ आहे म्हणून त्यांना थोडी सवड. म्हणजे एक खातं म्हणतंय शिका आणि दुसरं म्हणतंय आता उशीर झाला, संभाजीनगरचा घाटी असो की अंबाजोगाईचं स्वाराती, या सरकारी दवाखान्यांतल्या परमनंटची जाहिरात नुसती वाचायची. चाळिशीत लागलेली बाई ५८ पर्यंत अठरा वर्षं ड्युटी करते, ती काय कमी झाली का? ॲडमिशनची अट आणि भरतीची अट एकत्र बसून वाढवा, एवढंच मागणं आहे.

या अटीचा फायदा कोण उचलतंय ते एसटी स्टँडच्या भिंतीवर बघा. "एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा, वयाची अट नाही, नोकरीची हमी." माझ्या जावेनं अशा एका ठिकाणी दागिना मोडून फी भरली, हातात आलं ते नुसतं सर्टिफिकेट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी काही होईना. नोंदणी नाही तर नर्स नाही, मग भिंतीवर कितीही मोठी फ्रेम लावा. रुग्णसेविकेचे सहा महिन्यांचे कोर्स असतात ते चांगलेच आहेत, पण त्यांनी तसं सरळ सांगावं, नर्सिंग म्हणून विकू नये.

तर पुरवणीत पुढच्या वेळी अर्धं पान आमच्यासाठी ठेवा. कौन्सिलची मान्यता कशी तपासायची, शिक्षणात खंड पडला त्याच्या गॅप सर्टिफिकेटचं ॲफिडेव्हिट कसं करायचं, आणि टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं असेल तर कोणते कागद जोडायचे, हे छापा. आमच्या ओळखीतली एक जण त्या नावापायीच ॲडमिशनच्या शेवटच्या राउंडला मागं राहिली, आणि या डिसेंबरात ती पस्तीस पूर्ण करतीये.

एक वाचक, लातूर