पिशवीतल्या कपड्यांसोबतची चिठ्ठी

काटोल, रविवार रात्र

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी मी सकाळच्या एसटीने नागपूरला आले, तेव्हा तू फुटाळा तलावाच्या काठावर टपरीपाशी उभी होतीस. पोलीस भरतीसाठीचं धावणं नुकतंच संपलं होतं. सुती टी-शर्ट पाठीला चिकटलेला, जाडं स्वेटर कमरेला बांधलेलं, आणि चहाचा कप हातात धरवत नव्हता. ते डोळ्यापुढून जात नाही.

चूक माझीच आहे. लहानपणापासून मी तुला ‘अंगाला सुतीच घाल’ म्हणत आले. मे महिन्यात ते खरंच आहे, सुती कापड घाम पितं, वारा लागला की गार वाटतं. थंडीत मात्र तेच बाधतं. भिजलेलं सुती लवकर वाळत नाही, आणि पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. धावताना कळत नाही. थांबलीस की हुडहुडी भरते.

म्हणून जाळीदार पॉलिस्टरचे दोन टी-शर्ट शिवले आहेत. हे कापड घाम धरून ठेवत नाही, बाहेरच्या बाजूला पसरवतं आणि झटकन वाळतं. अंगासरशी बसेल असंच मुद्दाम कापलंय. ढगळ असेल तर कापड घामाला टेकतच नाही. काखेत घासू नये म्हणून शिवण चपटी दाबली आहे. बाह्या लांब ठेवून टोकाला अंगठ्यापुरतं काज केलंय. बोटं गारठली की तळहातावर ओढून घे, गरम झालं की कोपरापर्यंत सरकव.

वरून स्वेटर नको, बाई. विणीतून वारा आरपार जातो, आणि तलावाच्या काठी वाराच जास्त झोंबतो. पातळ विंडचीटर दिलंय. नायलॉनमधून घाम बाहेर पडत नाही, म्हणून त्याच्या काखा उसवून तिथे जाळी बसवली. पाठीवर चमकणारी पट्टी लावली आहे. अंधारात, धुक्यात गाडीवाल्याला तू दिसली पाहिजेस. रेनकोट घालून तर धावूच नको, आतूनच भिजशील.

किती घालायचं, तर घराबाहेर पडताना थोडं कुडकुडायला हवं. बाहेर १० अंश असतील तर १८-२० अंशांत फिरायला निघाल्यासारखी नीघ. दहा मिनिटांत अंग तापतं.

आपल्याकडची थंडी रोज सारखी नसते, हे तुला मी काय सांगू. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एरवी आभाळ मोकळं असलं की जमिनीची ऊब रात्रीतून उडून जाते आणि पहाट कडक होते. ढग असले की ती अडते, मग काल पुरलेलं विंडचीटर आज घामाने नकोसं होतं. तुझे बाबा संत्र्याच्या बागेसाठी रोज झोपण्याआधी आभाळ बघतात, गारपिटीची धास्ती असते ना. तसंच तूही खिडकीतून बघ आणि त्याप्रमाणे कपडे काढून ठेव.

पोलीस भरतीच्या मैदानावर हे सगळं उलटं कर. तिथे ८०० मीटर धावायला काही मिनिटं लागतात, पण नंबर येईपर्यंत तासन् तास बसावं लागतं. तेव्हा स्वेटर, ट्रॅकपँट, कानटोपी सगळं घाल. नाव पुकारलं की मगच काढ, आणि त्याआधी जागच्या जागी पाय हलवत राहा. गारठलेले पाय ऐन वेळी साथ देत नाहीत.

धावून झालं की चहाआधी कपडे बदल. त्यासाठीच पिशवीत एक कोरडा टी-शर्ट आहे, तो सुतीच आहे. लाडूचा डबा रिकामा झाला की याच पिशवीतून परत पाठव, आणि टी-शर्ट खांद्यात आवळतो का ते कळव. बोटभर कापड आत दाबून ठेवलं आहे, सैल करता येईल.

तुझी,
आई