कॉइल ओढू नका, आधी फिरवा

संपादक महोदय,
तालुक्याच्या गावी पेट्रोल गाड्यांचे स्पार्क प्लग घरीच बदलणारे वाढलेत. चांगलंच आहे, पण प्लगपेक्षा जास्त नुकसान त्याच्यावर बसलेली, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल काढताना होतं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियम हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग) प्लग काढला की आटे जातात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. उष्णतेनं कॉइलला वायर जोडणाऱ्या सॉकेटचं प्लास्टिक ठिसूळ होतं, वर आमच्याकडचा मे महिना. त्यामुळे खटका दाबून सॉकेट धरूनच काढा, वायर ओढू नका. मग बोल्ट खोला; बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. कॉइलच्या खालच्या टोकाचा रबरी बूट प्लगला चिकटलेला असतो, म्हणून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सुटली की सरळ वर घ्या. पेचकसानं उचकटली तर फुटते किंवा बूट आतच तुटतो.

प्लग सोडण्याआधी तो ज्या खड्ड्यात बसलेला असतो तिथं हवा मारा. कापसाच्या हंगामात तिथं धूळ-कचरा साचतो, तो थेट सिलिंडरमध्ये जातो. खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, सील गेलंय, नुसते प्लग बदलून भागणार नाही.

नवा प्लग आधी हातानंच बसवा. नंतर पान्यानं, वॉशरवाला असेल तर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळत्या बैठकीचा असेल तर फक्त एक सोळांश. गाडीच्या पुस्तकात टॉर्क (किती जोरानं आवळायचं ते माप) दिला असेल तर तोच पाळा. एका वेळी एकच सिलिंडर उघडा.

डिझेलवाल्यांनी हे वाचून बॉनेट उघडू नये, त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतात.

– एक गॅरेजवाला, दारव्हा, जि. यवतमाळ