शुक्रवारी उठलेली नागीण सोमवारपर्यंत थांबत नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या शुक्रवारी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात साठी ओलांडलेल्या एक बाई बरगडीवर नागिणीच्या फोडांची पट्टी घेऊन आल्या. कॅलामाइन लोशन आणि पॅरासिटामॉल हातात पडले, "सोमवारी या" असे सांगितले गेले. सोमवारी फोडांचा पाचवा दिवस होता.

नागिणीचे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू करायचे असते. असिक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. म्हणजे एका रुग्णाला ३५ गोळ्या. कपाटात २०० मिलिग्रॅमच्याच असतील तर १४० लागतात. मग दोन दिवसांच्या देऊन बोळवण होते. नवे फोड येत असतील तर ७२ तास उलटल्यावरही औषध द्यायचे असते, मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करायची असते, नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे असते. हे केंद्राच्या भिंतीवर एका कागदावर मावेल. कागदही नाही, गोळ्याही नाहीत.

मग माणूस नागीण उतरवणाऱ्याकडे जातो. विळखा पुरा झाला की जीव जातो, असे त्याला लहानपणापासून ऐकवलेले असते. विषाणू एकाच मज्जातंतूच्या वाटेने, शरीराच्या एकाच बाजूला पसरतो, म्हणून विळखा पुरा होत नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. तो रात्रभर जागा राहतो.

त्या जागरणाकडे तुमच्या खात्याचे लक्ष नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दडून असतो. त्याला दाबून ठेवणाऱ्या टी पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) वयाने कमजोर होतात, तशा नैराश्यानेही. लॉस एंजेलिसमध्ये संशोधक मायकेल अर्विन यांच्या गटाने २०१३ मध्ये साठीपुढच्या लोकांत दाखवले की, उपचार न झालेल्या नैराश्यात नागिणीच्या लसीला शरीराचा प्रतिसाद मंदावतो. नैराश्याची औषधे चालू असलेल्यांत तो इतरांसारखाच राहतो. झोप सहा तासांपेक्षा कमी असणाऱ्यांत हिपॅटायटिस बीच्या लसीचे संरक्षणही कमी भरल्याचे दिसले आहे. मानसिक ताणाने आणि नैराश्याने नागिणीचा धोका वाढतो तो प्रचंड नाही. नैराश्यामुळे वाढतो तो साधारण मधुमेहामुळे वाढतो तेवढा. म्हणूनच "टेन्शन घेतलंत म्हणून झालं" असे रुग्णाला सुनावणे चूक आहे. पण मधुमेह तपासायचा आणि मन तपासायचेच नाही, याला काय म्हणायचे?

तपासायचा कागद तर तुमच्याकडेच आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतात. त्यात दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, उदास वाटले का. गुण शून्य ते सहा. तीनच्या पुढे गेले की पुढे पाठवायचे. पाठवायचे कुठे? प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे. त्याच्या कलम १८ ने ग्रामीण रुग्णालयापासून वर मानसिक आजारांची अत्यावश्यक औषधे मोफत देण्याचा शब्द दिला. तो शब्द पाळा. झोप येत नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळ्यांची पट्टी ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. त्या गोळीने तो रात्री लघवीला उठताना पडतो. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडणे, दुपारची झोप आवरणे, हे समुदाय आरोग्य अधिकारी शिकवू शकतात. त्यांना आधी कोणी तरी शिकवायला हवे.

आणि फोड सुकल्यावर दुखणे तीन महिन्यांपुढे गेले, तर सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही. झोप जाते, मग मन जाते. मज्जातंतूंच्या या दुखण्यावर रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवता येते. वयस्कांत लघवी अडणे आणि चक्कर यांवर लक्ष ठेवावे लागते. यासाठी तज्ज्ञ लागत नाही, पण औषध लागते.

साहेब, झोपेचा प्रश्न तुमच्या एका खात्याचा नाही. अनेक ठिकाणी शेतीपंपाला रात्री वीज मिळते, म्हणून शेतकरी रात्री बांधावर उभा असतो. दिवसा विजेचे आश्वासन ऐकत त्याची किती वर्षे गेली! ऊर्जा खाते त्याची झोप मोजत नाही, आरोग्य खाते त्याचे मन मोजत नाही, आणि पन्नाशीपुढे त्याला नागीण झाली की दोघांपैकी कोणाच्याच फाइलीत ती येत नाही. प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. एकेक डोस दहा हजार रुपयांच्या आसपास. सरकारी लसीकरणात ती नाही. निदान डायलिसिसवरच्या आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती आणा.

बाकी सगळ्याला वेळ लागेल, मान्य. या शुक्रवारी राज्यातल्या किती केंद्रांत ३५ गोळ्या शिल्लक आहेत, तेवढा आकडा मात्र जाहीर करा.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका