जुन्या संगणकाची डिस्क बदलताना

महोदय,

लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे बेळगाव, खानापूर, निपाणीत अजून विंडोज एक्सपीचे संगणक दिसतात. जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचे लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते छोटे उपकरण) प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागते आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. हार्ड डिस्क खरखरू लागली की सल्ला एकच मिळतो : नवा संगणक घ्या. आयडीई (रुंद पट्टी केबलची जुनी) डिस्क आता सहज मिळत नाही हे खरे, पण साटा (अरुंद केबलच्या नव्या जोडणीची) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, अडॅप्टरने बसते.

दुकानात नुसते ‘आयडीई-साटा कन्व्हर्टर’ म्हटले की गोंधळ होतो. या नावाने दोन वस्तू विकतात. एक साटा डिस्क जुन्या मदरबोर्डावर चालवते. दुसरी नेमकी उलटी, आयडीई डिस्क नव्या बोर्डावर. आपल्याला पहिली हवी : जिच्या लांब खाचेत (7 अधिक 15 पिना) साटा डिस्क थेट बसते ती. डेस्कटॉपला 40 पिनांची, लॅपटॉपला 44 पिनांची. लॅपटॉपमध्ये वीजही त्याच पिनांतून येते.

एसएसडी 120 जीबीचीच घ्या. जुने बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) आणि सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचा सुधारणा-संच) नसलेली एक्सपी 137 जीबीपलीकडचे पत्ते ओळखत नाहीत. त्यापुढे लिहायला गेले की डिस्कच्या सुरुवातीचाच डेटा खराब होऊ शकतो. स्वस्त आहे म्हणून 500 जीबीची घेणे इथे महागात पडते.

केबल 80 तारांची हवी. निळे टोक बोर्डाला, काळे अडॅप्टरला. त्याच केबलवर सीडी ड्राइव्ह असेल तर तिचा जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) ‘स्लेव्ह’वर, म्हणजे दुय्यमवर ठेवा, कारण बरेच अडॅप्टर फक्त ‘मास्टर’ (मुख्य) म्हणूनच चालतात. दोन्ही मास्टर राहिले तर बहुधा काहीच दिसत नाही आणि दोष मात्र नव्या एसएसडीला लागतो! मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीज-कनेक्टरवरून) साटा वीज घेताना एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले कनेक्टर टाळावेत. त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत.

हे सगळे करण्याआधी मात्र खरखरणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. ती दुसऱ्या संगणकाला जोडून लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण प्रतिमा (डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढावी. नुसत्या फायली कॉपी केल्या तर संगणक त्यावरून सुरू होणार नाही. ती प्रतिमा एसएसडीवर उतरवा, आणि लॉक लावून एक पत्रिका छापून पाहीपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

एक संगणक दुरुस्तीकार, शहापूर, बेळगाव